मनी प्लांट : सोलापुरातील घरगुती लागवड

अळू-सुरणाच्या कुलातील सदाहरित वेल. शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम. मूळ स्थान प्रशांत महासागरातील मोरेआ बेट. १८८० मध्ये त्याची नोंद पोथॉस म्हणून झाली, आजचे नाव १९६४ मधले. घोळ एवढा लांबला, कारण ओळख पटवायला फूल हवे आणि हा वेल सहसा फुलतच नाही. फुलोऱ्यासाठी लागणारे जिबरेलिन हे संप्रेरक त्यात पुरेसे तयार होत नाही. म्हणून सगळी लागवड तुकड्यांवर. चोरून आणलेला वेलच पैसा आणतो, अशी समजूत आहे. पैशाचे माहीत नाही, पण शेजारच्या गॅलरीतून खुडलेले एक पेर हमखास लागते.

पेराशी तपकिरी, टणक गाठ दिसते. ते हवाई मूळ. त्याच्या थोडे खाली कापून तुकडा पाण्याच्या बाटलीत ठेवला की दोन-तीन आठवड्यांत मुळे सुटतात. पेर नसलेले नुसते पान पाण्यात बरेच दिवस हिरवे राहते, पण त्याचा वेल होत नाही.

सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. घरात, सावलीत वेल तेवढे सोसतो. पश्चिमेच्या खिडकीतले थेट ऊन मात्र पाने भाजून काढते. फार अंधारात ठेवला तर पानांवरचे पिवळे पट्टे विरतात. कोरड्या हवेने पानांच्या कडा करपतात, तेव्हा एसीपेक्षा वाळ्याच्या ताट्यांचा कूलर त्याला जास्त मानवतो, फक्त झोत अंगावर नको.

तरीही इथले वेल उन्हापेक्षा पाण्यानेच जास्त मरतात. शेतातली काळी माती कुंडीत भरायची सवय मुळावर येते: ती ओली असताना चिकट गोळा, वाळली की भेगा, आणि मुळांना हवा नाही. तीत निम्मी वाळू, कोकोपीट व थोडे जुने शेणखत मिसळावे. बोट पेरभर खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी घालावे. खालची पाने पिवळी पडली की लोक आणखी पाणी ओततात, आणि मुळे कुजतात. पिठ्या ढेकूण दिसल्यास साबणाच्या पाण्याने पुसावेत.

पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावल्यास अळूसारखीच आग होते. रांगते मूल किंवा मांजर असेल तर कुंडी उंच टांगावी. टांगलेल्या वेलाची पाने लहानच राहतात. झाडावर चढलेल्या वेलाची पाने हातभर होऊन फाटतात.