साउंड ट्रॅकवरचे रातकिडे: कोल्हापूरच्या चित्रीकरणाची एक बाजू

पाऊस ओसरला की कोल्हापूरच्या आसपास शूटिंगची गर्दी होते. मालिका, वेब सिरीज, लघुपट, सगळ्यांना तोच काळ हवा असतो: ऊस डोक्याच्या वर गेलेला, विहिरी भरलेल्या, संध्याकाळचा उजेड स्वच्छ. नेमका हाच काळ रातकिड्यांचाही असतो. दिवस मावळला की बांधावरून, उसाच्या सरीतून, जुन्या वाड्याच्या भिंतींच्या सांदीतून त्यांची किरकिर सुरू होते. कॅमेऱ्याच्या टीमला त्याचं काही वाटत नाही. हेडफोन लावून बसलेल्या माणसाचं मात्र तोंड उतरतं.

या तक्रारीला जवळपास शंभर वर्षांचा इतिहास आहे. मधली बरीच वर्षं ती कुणी केलीच नाही, हा त्यातला मजेशीर भाग.

मूकपटांच्या काळात हा प्रश्नच नव्हता. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत चित्रीकरण चालू असताना दिग्दर्शक ओरडून सूचना द्यायचा, कॅमेऱ्याची खडखड चालू असायची आणि त्यातलं काहीच फिल्मवर उतरत नव्हतं. आवाजाची भीती आली ती बोलपटाबरोबर. 1931 मध्ये मुंबईत ‘आलम आरा’ तयार होत असताना स्टुडिओजवळून रेल्वे जायची, म्हणून बरंचसं काम मध्यरात्रीनंतर, गाड्या थांबल्यावर केलं गेलं. पुढच्याच वर्षी प्रभातने कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ केला आणि मराठी बोलपट सुरू झाला. ध्वनीची जबाबदारी विष्णुपंत दामल्यांकडे होती. तेव्हा संवाद, गाणं आणि साथीची वाद्यं सेटवर एकाच वेळी मुद्रित व्हायची. एकदा पट्टीवर उतरलेला आवाज नंतर सोडवून वेगळा करायची सोय नव्हती. नको असलेला आवाज आत येऊच द्यायचा नाही, एवढा एकच उपाय होता. म्हणून बोलपट चार भिंतींच्या आत गेला आणि किडे बाहेर राहिले.

जे थोडे आत शिरले असतील, त्यांचाही निम्मा बंदोबस्त यंत्रच करत होतं. फिल्मच्या कडेला प्रकाशाने छापलेल्या त्या ध्वनिपट्टीवर खरखर फार असायची. ती ऐकू येऊ नये म्हणून थिएटरातल्या यंत्रणेत वरच्या पट्टीचे आवाज मुद्दाम दाबले जात. 1938 मध्ये हॉलिवूडच्या अकादमीने त्याचं मानकच ठरवून दिलं आणि ते कित्येक दशकं टिकलं. सात-आठ हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही प्रेक्षकापर्यंत पोचायचंच नाही. बारीक आवाजाचे किडे त्यात आपोआप गाळले जायचे.

दरम्यान 1935 मध्ये कलकत्त्याला न्यू थिएटर्सने पार्श्वगायन सुरू केलं, गाणं सेटवरून सुटलं. हळूहळू संवादही सुटले. जयप्रभा आणि शालिनी स्टुडिओंच्या काळात कोल्हापूरचे ऐतिहासिक आणि ग्रामीण चित्रपट पन्हाळ्यावर, माळावर, नदीकाठी उघड्यावर चित्रित होऊ लागले. घोडे, जमाव, वारा यांच्यात संवाद स्वच्छ मिळणं मुश्कीलच. त्यातून साठच्या दशकानंतर अ‍ॅरीफ्लेक्सचा हातात मावणारा कॅमेरा भारतभर पसरला. हलका, काटक, पण शिवणयंत्रासारखा आवाज करणारा. तो शेजारी चालू असताना रातकिड्यांची काय पत्रास! जागेवर फक्त पायलट ट्रॅक, म्हणजे नंतर संदर्भाला लागणारा कच्चा आवाज, घ्यायचा आणि खरे संवाद नंतर डबिंगच्या खोलीत पडद्याकडे बघत पुन्हा बोलायचे, ही रीतच पडून गेली. युरोपात स्टेफान कुडेल्स्कींचा कुठेही नेता येणारा नाग्रा रेकॉर्डर आणि पुढे आवाज न करणारे कॅमेरे आले, तरी आपल्याकडच्या व्यावसायिक चित्रपटाने डबिंग सोडलं नाही. स्वस्त पडायचं, नटांच्या तारखा जुळायच्या, आणि लोकेशनवर कुणाला गप्प बसवावं लागायचं नाही.

या काळात किडे पडद्यावरून गेले नाहीत, उलट वाढले. पण ते जागेवरचे नव्हते. रात्रीचा प्रसंग आला की इफेक्ट्सच्या संग्रहातली किरकिर खाली अंथरायची. गड असो, गुऱ्हाळ असो, वाड्याचं माजघर असो, आषाढ असो की माघ, तीच एक किरकिर, ठरावीक सेकंदांनी पुन्हा सुरू होणारी. मला तर वाटतं, दोन पिढ्यांच्या प्रेक्षकांना रात्र ओळखायची सवय त्या एका लूपनेच लावली.

2001 मध्ये भुजजवळ चित्रित झालेल्या ‘लगान’ने मोठ्या हिंदी चित्रपटात सिंक साउंड, म्हणजे जागेवरच घेतलेला अंतिम संवाद, पुन्हा आणला. मराठीतही नव्या दिग्दर्शकांना नटाचा जागेवरचा श्वास हवासा वाटू लागला. मालिकांचं गणित आणखी साधं होतं: रोज एक भाग द्यायचा तर डब करायला वेळ कुठला? कपड्याला लेपल माइक (छातीवर लावायचा छोटा माइक) लावा आणि बोला. अशा रीतीने वसगड्यासारख्या गावांत, मोरेवाडीच्या चित्रनगरीत, कळंब्याच्या बाजूच्या मळ्यांत सिंक साउंड आला आणि त्याच्यामागून किडे आले. आता गाळणी लावणारी जुनी पट्टी नव्हती. 48 किलोहर्ट्झवर चालणारा डिजिटल रेकॉर्डर माणसाला ऐकू येतं त्याच्याही वरचं टिपतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण उपाय तिच्यावरच ठरतो. सगळे किडे एकसारखे नसतात. जमिनीवरचा रातकिडा पुढचे पंख एकमेकांवर घासतो. नरच घासतो, मादीला बोलावण्यासाठी. त्याचा सूर बहुतेक वेळा चार-पाच हजार हर्ट्झच्या आसपास, अरुंद पट्ट्यात असतो, जवळजवळ शिट्टीसारखा. म्हणून नंतर तेवढाच पट्टा फिल्टरने कापता येतो. पण स, श, च यांची धारही तिथेच असते. जास्त कापलं की नट बोबडा बोलायला लागतो. गवतातले, झुडपातले लांब मिशांचे हिरवे नाकतोडे याच्याही वर, दहा हजारांच्या पुढे गातात. तो आवाज पन्नाशीतल्या रेकॉर्डिस्टला पुष्कळदा ऐकूच येत नाही, पंचविशीतल्या मदतनीसाला येतो. अशा वेळी कानापेक्षा स्क्रीनवरचा आलेख बघितलेला बरा.

झाडावर बसून गाणाऱ्या सिकाडा नावाच्या किड्याची गोष्ट निराळी. राधानगरी-दाजीपूरच्या रानात वळवाच्या दिवसांत दुपारी जो कर्कश गजर चालतो, तो त्यांचा. ते पंख घासत नाहीत. पोटाच्या बाजूला असलेला ताठ पडदा स्नायूने आत-बाहेर खटखटवतात, तोही सेकंदाला शेकड्यांनी. आवाज रुंद पट्ट्यात पसरलेला आणि जवळून शंभर डेसिबलच्या घरात जाऊ शकतो. त्याला फिल्टर लावणं म्हणजे संवादच पुसणं.

खरी अडचण मात्र मोठ्या आवाजाची नाहीच. एकसारखा चालणारा रातकिडा प्रेक्षक दहा सेकंदांत विसरतो. त्रास होतो तो आवाज बदलतो तेव्हा. किडा थंड रक्ताचा, त्याच्या स्नायूंचा वेग हवेच्या तापमानावर चालतो. अमेरिकेतल्या आमॉस डॉल्बेअर यांनी 1897 मध्येच किरकिर मोजून तापमान काढायचं सूत्र मांडलं होतं. आता कार्तिकातली कोल्हापूरची रात्र घ्या. सात वाजता नायिकेचा क्लोजअप झाला, रात्री दोनला थंडी पडल्यावर नायकाचा. तोवर किरकिर संथ झालेली असते, सूरही खाली उतरलेला असतो. एडिटिंगमध्ये दोन्ही एकमेकांना जोडले की प्रत्येक वाक्यागणिक रात्र बदलते. संवाद कितीही स्वच्छ असोत, कट उघडा पडतो.

म्हणून कसलेला रेकॉर्डिस्ट प्रत्येक सेटअपनंतर सगळ्यांना मिनिटभर गप्प उभं करतो आणि नुसता अँबियन्स, म्हणजे त्या जागेचा भोवतालचा आवाज, घेतो. या मिनिटाला युनिटात शिव्या बसतात, पण तोच तुकडा पुढे कटांच्या खाली अंथरून दोन्ही बाजू सांधता येतात. शक्य तिथे एका प्रसंगाचे दोन्ही क्लोजअप लागोपाठ उरकावेत, असा आग्रहही तो धरतो. लाइटिंग बदलायला वेळ लागतो म्हणून हे क्वचितच मानलं जातं.

बाकीचे उपाय जागेवरचे. एकटा किडा अगदी जवळ असेल तर त्याला गप्प करता येतं, कारण जमिनीचा हादरा त्याला लगेच कळतो. “डावीकडं बांधावर एक हाय बघ, जरा पाय आपट,” असं साउंडवाला सांगतो आणि स्पॉटबॉय टॉर्च घेऊन जातो. किडा थांबतो. माणूस मागे फिरला, ‘रोलिंग’ झालं, की पुन्हा सुरू. शिवाय त्या सुराची दिशा माणसाच्या कानाला पटकन लागत नाही, त्यामुळे स्पॉटबॉय बऱ्याचदा भलत्याच दगडाखाली शोधत असतो. औषध फवारायचा सल्ला देणारे भेटतात. त्याने उसातले हजारो कसे गप्प होणार, हे ते सांगत नाहीत; वासाने नट मात्र खोकतात.

त्यापेक्षा माइकचा कोन बदलणं कामाचं. गन माइक, म्हणजे समोरच्याच दिशेचं जास्त ऐकणारा लांबट माइक, वरच्या पट्टीत चांगलाच अरुंद ऐकतो, म्हणजे किड्यांच्या बाबतीत तो आपल्या बाजूचा. पण नेहमीसारखा तो बूमवर, म्हणजे लांब काठीवर लावून, डोक्यावरून धरला तर त्याचं तोंड जमिनीकडे, म्हणजे रातकिड्यांकडेच होतं. फ्रेम परवानगी देत असेल तर खालून वर, तोंडाकडे धरावा. मागे नुसतं आभाळ राहतं. सिकाडा झाडावर असतात, तिथे उलटं, वरूनच धरलेला बरा. आणि अंतर: माइक तोंडापासून होता त्याच्या निम्म्या अंतरावर आणला की उघड्यावर संवादाची पातळी सहा डेसिबलने चढते, किडा होता तिथेच राहतो. लेपलचा फायदा हाच, कापडाची खसखस सोसायची तयारी असली तर.

आवाजाचा आलेख चित्रासारखा पडद्यावर उघडून त्यातली नको ती रेघ पुसण्याचं सॉफ्टवेअर 2007 नंतर छोट्या स्टुडिओंच्याही आवाक्यात आलं. आता माणसाचा आवाज ओळखून बाकी सगळं काढून टाकणारी एआय साधनंही आहेत. रातकिड्याच्या बाबतीत ती चांगली चालतात. मात्र पार्श्वभूमी पूर्ण पुसली की उसाच्या मळ्यातला माणूस कपाटात बसून बोलल्यासारखा वाटतो. मग एडिटर त्याच रात्री घेतलेला अँबियन्स पुन्हा खाली घालतो. तो घेतलेला नसेल तर जुना संग्रह उघडतो.

दाजीपूरच्या सिकाडापुढे यातलं फारसं काही चालत नाही. तिथे पहाटे संवाद उरकायचे, दुपारी विनासंवाद शॉट घ्यायचे, नाहीतर पायलट ट्रॅक घेऊन सरळ डबिंगची तारीख धरायची.