नवी पेशी येते कुठून?

शाळेच्या पुस्तकात पेशीसिद्धांत म्हटलं की दोन नावं ठरलेली: श्लायडेन आणि श्वान. वनस्पती पेशींच्या बनलेल्या असतात हे श्लायडेनने १८३८ साली मांडलं, प्राण्यांचंही तसंच आहे हे श्वानने १८३९ मध्ये. यात खोटं काहीच नाही. पण नवी पेशी येते कुठून, या प्रश्नावर दोघेही साफ चुकले होते, हे सहसा कोणी सांगत नाही. या इतिहासातला सगळ्यात रंजक भाग खरं तर तोच आहे.

पेशी पहिल्यांदा दिसली ती १६६५ च्या सुमारास. इंग्लंडमध्ये रॉबर्ट हूकने धारदार चाकूने बुचाचा पातळ काप काढला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्यात रिकाम्या कप्प्यांच्या रांगा दिसल्या. हूक मोजायलाच बसला. इंचाच्या अठराव्या भागात साठ कप्पे, म्हणजे इंचभर लांबीत १०८०, आणि एका घन इंचात जवळपास १२६ कोटी! आकडा इतका अफाट, की स्वतः पाहिलं नसतं तर विश्वास बसला नसता, असा त्याचा सूर होता. अर्थात त्याने मोजल्या त्या मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती. पुढे हॉलंडमधल्या लेव्हेनहूकने स्वतः घासलेल्या भिंगांतून जिवंत सूक्ष्मजीव पाहिले. पण या सगळ्याला एका सूत्रात बांधायला आणखी दीडशे वर्षं जावी लागली. भिंगं हे त्याचं एक मोठं कारण. प्रतिमेच्या कडेला रंगांची झालर यायची आणि बारकावे त्यात हरवायचे. १८३० च्या सुमारास हा दोष बराच कमी झाला. रॉबर्ट ब्राऊनने ऑर्किडच्या पेशींत केंद्रक, म्हणजे पेशीच्या आतला ठळक गोळा, ओळखलं तेही याच सुमारास.

श्लायडेनने हे केंद्रकच उचललं. त्याच्या मते पेशीतल्या द्रवात आधी बारीक कण गोळा होतात, त्यांचं केंद्रक बनतं आणि त्याभोवती नवी पेशी फुगत जाते. श्वान आणखी पुढे गेला. पेशींच्या बाहेरच्या द्रवातही, संपृक्त द्रावणातून स्फटिक धरावेत तशा, पेशी तयार होतात असं त्याचं म्हणणं. आज हे विचित्र वाटतं, पण त्यामागे विचार होता: सजीवांची घडण कुठल्याही गूढ जीवनशक्तीशिवाय, भौतिक नियमांनीच समजावी, अशी श्वानची धडपड होती.

हे खोडून काढलं ते रॉबर्ट रेमाकने. बर्लिनमध्ये योहानेस म्युलर या प्राध्यापकाच्या हाताखाली श्वान शिकला, तिथेच रेमाकही. कोंबडीच्या गर्भातलं रक्त पाहताना १८४१ मध्ये त्याला काही लाल पेशींत दोन केंद्रकं दिसली. (पक्ष्यांच्या लाल पेशींत केंद्रक असतं, आपल्या रक्तात फिरणाऱ्या लाल पेशींत नसतं.) काही पेशी मध्यभागी आवळलेल्या, तर काही जोड्या नुसत्या बारीक देठाने जोडलेल्या. म्हणजे एकीच्या दोन होत होत्या. पण एवढ्यावर त्याने नियम सांगितला नाही. बेडकाच्या अंड्यांवर त्याने पुढची कित्येक वर्षं घालवली. अंडी रसायनांनी घट्ट करून घेतली, तेव्हा प्रत्येक विभाजनात पेशीचं आवरणही आत वळताना स्पष्ट दिसलं. १८५२ मध्ये त्याने निःसंदिग्धपणे लिहिलं: पेशी येते ती आधीच्या पेशीतूनच.

रेमाक ज्यू होता आणि धर्म बदलायला तयार नव्हता, त्यामुळे प्रशियात (बर्लिन ज्याची राजधानी होती त्या जर्मन राज्यात) प्राध्यापकपदाची वाट बंदच होती. १८४७ मध्ये शिकवण्याची परवानगी मिळाली, तीही राजापर्यंत गेल्यावर. ‘प्रत्येक पेशी पेशीतूनच’ हे लॅटिन सूत्र गाजलं ते रुडॉल्फ फिरखोच्या नावाने, १८५५ मध्ये. तोही म्युलरचाच शिष्य. आपलं नाव न घेतल्याची तक्रार रेमाकने त्याच्याकडे केली होती. फिरखोचं मोठेपण दुसरीकडे आहे. रोगाचं मूळ पेशींमधल्या बिघाडात शोधायचं, हे त्याने १८५८ च्या व्याख्यानांतून वैद्यकाच्या गळी उतरवलं.

रेमाकचंही सगळंच बरोबर नव्हतं. केंद्रक मध्यभागी आवळून सरळ दोन तुकडे होतात, असं त्याला वाटे. १८८२ पर्यंत वाल्टर फ्लेमिंगने सॅलमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याच्या अळ्यांच्या मोठ्या पेशी रंगवून दाखवून दिलं, की केंद्रकातून आधी धागे तयार होतात, प्रत्येक धागा लांबीत चिरतो आणि त्याचा एकेक भाग दोन्ही बाजूंना जातो. या धाग्यांना आज आपण गुणसूत्रं म्हणतो. ते पाहायला रेमाक हयात नव्हता. १८६५ मध्ये, पन्नाशीतच तो गेला होता.