ढाळजेतलं नेट माजघरात: जुन्या राउटरची पार्श्वभूमी

लातूर, धाराशिव, बीडकडच्या माळवदी (मातीच्या सपाट छताच्या) वाड्यांत फायबरचा राउटर बहुधा ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या बैठकीत बसतो, कारण वायर रस्त्याकडून येते. तिथे रेंज भरपूर. माजघरात पोरगी अभ्यासाला बसली की व्हिडिओ नुसता गोल फिरतो. मधे काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या दीड-दोन हात जाड भिंती. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या याच भिंती वाय-फायच्या लहरी गिळतात. 5 गिगाहर्ट्झचा पट्टा तर 2.4 च्याही आधी दमतो.

इलाज बऱ्याच घरांत फडताळात धूळ खात पडलाय: जुना वाय-फाय मोडेम, म्हणजेच जुना राउटर. जानेवारी 2005 मध्ये बीएसएनएलची 'डेटावन' सेवा टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून सुरू झाली. त्या काळी 256 केबीपीएस (सेकंदाला 256 किलोबिट) म्हणजे ब्रॉडबँड! त्याच महिन्यात केंद्राने 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला आणि पुढे वाय-फायवाले मोडेम घरोघर आले. फायबर आल्यावर त्यांचं टेलिफोनचं भोक निकामी झालं, म्हणून लोकांनी अख्खा डबाच बाद ठरवला. पण आतला स्विच (केबलने उपकरणं एकमेकांना जोडणारा भाग) आणि वाय-फाय अजून धडधाकट असतात.

राउटर हा छोटा संगणकच आहे, हे जगाला नीट कळलं ते लिंकसिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी54जी या राउटरमुळे. त्यात लिनक्स ही खुली संगणकप्रणाली असल्याचं जाणकारांनी 2003 मध्ये ओळखलं. लिनक्सच्या परवान्याप्रमाणे कंपनीला सोर्स कोड (सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर) खुला करावा लागला आणि त्यातूनच 2004 मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं सॉफ्टवेअर उभं राहिलं. एका डब्यातून हवं ते काम करून घ्यायची वाट तिथे रुंद झाली. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला हाच सर्वांत मोलाचा टप्पा.

जुना राउटर रिपीटर, म्हणजे वाय-फाय ऐकून पुढे पाठवणारा, म्हणून लावता येतो, पण एकाच रेडिओने ऐकायचं आणि बोलायचंही, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. शिवाय दगडाआड त्याला तरी काय ऐकू येणार? आपल्या वाड्यांना केबलच बरी. जुन्याचा नेटवर्कमधला पत्ता 192.168.1.1 असेल तर 192.168.1.2 करायचा (नव्याचाही तोच असला की दोघे भांडतात), जुन्यातलं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करायचं आणि केबल एकाच्या 'लॅन' लिहिलेल्या भोकातून दुसऱ्याच्या तशाच भोकात जोडायची. ही इथरनेटची तार 100 मीटरपर्यंत चालते. एवढा लांब वाडा कुणाचा?

भिंत फोडायची गरज नाही. तार माळवदावरून नेऊन सवण्यातून (छतातल्या उजेडाच्या झरोक्यातून) खाली सोडता येते. फक्त वळवाच्या दिवसांत आभाळ गडगडायच्या आतच ती दोन्हीकडून काढून ठेवायची.