‘युरोपेतर’ नावाची खुर्ची

ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या नोकरीच्या जाहिरातींत ‘आधुनिक युरोपेतर इतिहास’ शिकवणाऱ्या अधिव्याख्यात्याची जागा अधूनमधून निघते. अर्जदाराचा विषय पुण्याचा असो, घानाचा असो की व्हिएतनामचा, रांग एकच. शेजारच्या खोलीत एकजण ट्यूडरकालीन इंग्लंड शिकवतो, दुसरा फ्रेंच राज्यक्रांती. उरलेलं जग या एका माणसाच्या वेळापत्रकात. ‘इतर’ हा प्रत्यय आपल्याला नवा नाही. पण ‘ब्राह्मणेतर’ म्हणवणाऱ्यांनी तो शब्द स्वतः उचलला आणि त्याचा झेंडा केला. ‘युरोपेतर’ला असा कुणी वाली नव्हता. ती विभागाच्या सोयीची पाटी आहे.

ही पाटी लागेपर्यंत सुमारे सव्वाशे वर्षं गेली. त्या काळात खुर्चीचं, म्हणजे प्राध्यापकपदाचं, नाव बदलत गेलं, आणि दर वेळच्या नावावरून पैसा कुणाचा आणि काम कुणाचं हे कळतं.

सुरुवात इतिहासाने झालीच नाही, भाषेने झाली, आणि तिचा एक धागा थेट मुंबईला येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातला अधिकारी जोसेफ बोडेन १८११ मध्ये वारला. त्याने ठेवलेल्या पैशातून ऑक्सफर्डमध्ये संस्कृतचं अध्यासन निघालं आणि १८३२ मध्ये होरेस हेमन विल्सन तिथला पहिला प्राध्यापक झाला. मृत्युपत्रात उद्देश स्पष्ट होता: हिंदुस्थानातल्या लोकांचं धर्मांतर सुकर व्हावं. १८६० मध्ये ही जागा रिकामी झाली तेव्हा पदवीधरांनी चक्क मतदान केलं. मोनियर विल्यम्सला ८३३ मतं पडली, माक्स म्युलरला ६१०. संस्कृतच्या खुर्चीसाठी एवढी चुरस झाली, पण हिंदुस्थानच्या इतिहासासाठी अध्यासन काढावं असं तेव्हा कुणाला वाटलं नाही. तो इतिहास सनदी नोकरीच्या उमेदवारांनी परीक्षेपुरता घोकायचा विषय होता.

१९०५ मध्ये ऑक्सफर्डमध्येच बाइट अध्यासन सुरू झालं. विषय होता वसाहतींचा इतिहास. देणगीदार आल्फ्रेड बाइट हा दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश साम्राज्य वाढवणाऱ्या सेसिल ऱ्होड्सचा भागीदार; पैसा किंबर्लीच्या हिऱ्यांचा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याचा. या अभ्यासात वसाहतीतली माणसं क्वचितच दिसत. राज्यघटना, गव्हर्नरांचे खलिते, कॅनडा-ऑस्ट्रेलियाला स्वराज्य कसं मिळालं, असा सगळा ऐवज. १९२० ते १९४८ या खुर्चीवर बसलेले रेजिनल्ड कूपलंड तर निम्मे सरकारी गृहस्थच होते. पॅलेस्टाइनचा प्रश्न तपासणाऱ्या पील आयोगावर ते होते, आणि १९४२ मध्ये क्रिप्स मिशनबरोबर दिल्लीत होते. हिंदुस्थानच्या घटनाप्रश्नावर त्यांनी जाडजूड अहवालही लिहिला. इतिहासाचा प्राध्यापक ज्या दिवसांचा इतिहास लिहितो आहे त्या दिवसांत स्वतःच टेबलाशी बसलेला असावा, हे दृश्य मला नेहमी थोडं गमतीचं आणि थोडं धोक्याचं वाटतं.

लंडनचं स्कूल ऑफ ओरिएंटल स्टडीज १९१६ चं. नावात ‘आफ्रिकन’ १९३८ मध्ये आलं, तोवर नावात आफ्रिकेला जागा नव्हती. मद्रासचा दफ्तरखाना सांभाळणारे हेन्री डॉडवेल १९२२ मध्ये तिथे प्राध्यापक झाले. पदाचं नाव मराठीत आणलं तर ‘आशियातील ब्रिटिश अंकित प्रदेशांचा इतिहास व संस्कृती, विशेषतः हिंदुस्थान’ असं काहीतरी होईल. म्हणजे हिंदुस्थानला इतिहास होता, पण ब्रिटिशांचा अंकित म्हणून.

नेमक्या त्याच काळात पुण्यात याच इतिहासाचं काम कुणी कसं करत होतं, हे शेजारी ठेवून पाहावं. वि. का. राजवाडे वाडेवाड्यांतून, माळ्यांवरून, कुळकर्ण्यांच्या घरांतून मोडी कागद गोळा करत फिरत होते. साधनांचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, पुढे बावीस झाले. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. ना अध्यासन, ना पगार. पेशवे दफ्तर पुण्यातच रुमालांत बांधून ठेवलेलं, पण सरकार ते देशी अभ्यासकांना मोकळेपणी पाहू देत नव्हतं. अखेर गो. स. सरदेसाईंच्या हाती काम आलं आणि १९३० च्या दशकात निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग छापून झाले. रुमाल सोडायचा, कागद उलगडायचा, मोडीची ओळ लावायची, तारीख बसवायची: या कामात ‘युरोपेतर’ हा शब्द कुणाच्या ओठावर येण्याचं कारणच नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धाने ब्रिटनला जाग आणली. जपानी भाषा येणारी माणसं ऐन वेळी मिळेनात, घाईघाईने वर्ग काढावे लागले. आशिया-आफ्रिकेच्या भाषांचं शिक्षण तपासायला १९४४ मध्ये स्कारब्रो आयोग नेमला गेला, १९४७ मध्ये अहवाल आला, आणि भाषा-इतिहासाच्या जागांना सरकारी पैसा मिळाला. १९४८ मध्ये रोलंड ऑलिव्हर यांना लंडनमध्ये जागा मिळाली ती ‘पूर्व आफ्रिकेच्या टोळ्यांच्या इतिहासा’ची. ‘आफ्रिकेचा इतिहास’ असं म्हणायला विद्यापीठ अजून धजावत नव्हतं. इकडे नायजेरियाचे केनेथ ऑनवुका डिके यांनी लंडनमध्येच डॉक्टरेट केली, इबादानला परतले, देशाचं राष्ट्रीय अभिलेखागार उभारलं आणि कागदाइतकंच तोंडी परंपरेलाही साधन मानणारी पिढी घडवली.

तरीही १९६३ मध्ये ऑक्सफर्डचे रीजियस (राजनियुक्त) प्राध्यापक ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी ससेक्स विद्यापीठातल्या व्याख्यानांत सांगून टाकलं, की आफ्रिकेत शिकवण्याजोगा इतिहास आहे तो तिथल्या युरोपीयांचा, बाकी अंधार. त्याच वर्षी ऑलिव्हर लंडनमध्ये आफ्रिकेच्या इतिहासाचे प्राध्यापक झाले. आणि ज्या ससेक्समध्ये ही मुक्ताफळं उधळली गेली, तिथेच आफ्रिका-आशिया अभ्यासाचं स्वतंत्र स्कूल निघालं. पुढे तिथे इतिहासकार रणजित गुहा शिकवत होते; त्यांच्या भोवती जमलेल्या तरुणांच्या चर्चांतून १९८२ मध्ये सबाल्टर्न स्टडीज या, तळातल्या माणसांचा इतिहास मांडणाऱ्या मालिकेचा पहिला खंड आला.

अमेरिकेची गोष्ट वेगळी, आणि आपल्या जास्त जवळची. १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक उडाला, १९५८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने संरक्षणाच्या नावाखाली परकी भाषांच्या शिक्षणाला पैसा दिला. त्यातच पी. एल. ४८० या अमेरिकेच्या धान्यमदतीच्या कायद्याची भर पडली. त्याखालचा गहू भारताने रुपयांत विकत घेतला. ते रुपये इथेच खर्च करायचे होते. मग १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयाने त्यातून भारतीय भाषांतली पुस्तकं घ्यायला सुरुवात केली. रेशनच्या रांगेत पिशवी घेऊन उभं राहिलेल्यांनी मोजलेल्या पैशातून मराठी कादंबऱ्या, चरित्रं, गॅझेटियरं अमेरिकी विद्यापीठांच्या फडताळांत जाऊन बसली. इथल्या ग्रंथालयात न सापडणारं एखादं मराठी पुस्तक शिकागोत सापडतं, त्याचं मूळ बरेचदा या गव्हात असतं. एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीवरचा प्रबंध १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला सादर केला तो याच काळात. नंतर त्या मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात शिकवत राहिल्या.

यातून आपल्याकडे आलेलं काम थोडंथोडकं नाही. रोझलिंड ओ’हॅन्लन यांनी जोतीराव फुल्यांवर लिहिलं आणि नंतर त्या ऑक्सफर्डमध्ये भारतीय इतिहासाच्या प्राध्यापक झाल्या. मुंबईचे राजनारायण चंदावरकर केंब्रिजमध्ये रीडर (प्राध्यापकाच्या खालच्या पदावर) होते. गिरणगावातल्या कामगाराचं खोलीभाडं, कामगार भरणाऱ्या जॉबरची दादागिरी, खाणावळ आणि संप यांवरून त्यांनी शहराच्या भांडवलाचा हिशेब मांडला. २००६ मध्ये ते अकाली गेले. या दोघांचंही संशोधन तिथल्या हिशेबात ‘युरोपेतर’च. ब्राह्मणेतर चळवळीचा उगम शोधणारी बाई युरोपेतर इतिहासाच्या खात्यात, हा योगायोग मला फार आवडतो.

अलीकडे पाटी पुन्हा बदलते आहे. ‘ग्लोबल हिस्टरी’ हे आता चलनी नाव. ‘इतर’ गेलं याचा आनंद आहेच, पण जुन्या अध्यासनाला निदान एक भाषा नीट यावी लागे. जगभरच्या कापसाचा इतिहास लिहिणाऱ्याला वऱ्हाडातली एकही वही वाचता येत नाही, असंही आता चालून जातं.

आपल्या विद्यापीठांत ‘आधुनिक जगाचा इतिहास’ हा पेपर असतो. रेनेसाँ, फ्रेंच राज्यक्रांती, बिस्मार्क, दोन महायुद्धं. चीन आणि जपान मागच्या प्रकरणांत. मुंबई विद्यापीठात आफ्रिकेच्या अभ्यासाचं केंद्र १९७१ पासून आहे, पण इतिहासाच्या पेपरात आफ्रिका येते ती युरोपने तिची वाटणी केली तेव्हा. खडकी (पुढचं औरंगाबाद) वसवणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मलेला. मुरूडसमोरच्या जंजिऱ्यावर आफ्रिकी वंशाच्या सिद्दींची सत्ता संस्थानं विलीन होईपर्यंत, १९४८ पर्यंत टिकली. दोघेही अभ्यासक्रमात आहेत, मुघलांच्या आणि मराठ्यांच्या प्रकरणात, लढाईपुरते.