‘फुलमेटल अल्केमिस्ट’ची पहिली मालिका लेखिकेच्या मनाविरुद्ध बदलली होती का?

‘फुलमेटल अल्केमिस्ट’ या जपानी मांगाचा (चित्रकथेचा) आणि त्यावरच्या अ‍ॅनिमेशन मालिकांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: 2003 च्या अ‍ॅनिमेनं मांगाची वाट लावली, लेखिकेला न विचारता शेवट बदलला. हे खरं नाही.

मांगा 2001 मध्ये सुरू झाला आणि संपला थेट 2010 मध्ये. बोन्स स्टुडिओची 51 भागांची ही पहिली अ‍ॅनिमे मालिका 2004 मध्येच पूर्ण झाली; तेव्हा मूळ कथेचा शेवट कागदावर उतरलाच नव्हता. वेगळा शेवट करा, असं खुद्द लेखिका हिरोमु अराकावा यांनीच सांगितलं होतं.

बदल किती विचारपूर्वक केले होते, ते होमुन्क्युलसांवरून, म्हणजे कथेतल्या कृत्रिम माणसांवरून, कळतं. मांगात ‘फादर’ हा खलनायक त्यांना आपल्याच दुर्गुणांतून घडवतो. पहिल्या मालिकेत मात्र मेलेल्या माणसाला परत आणण्याच्या फसलेल्या प्रयत्नांतून ते जन्मतात. म्हणूनच तिथली स्लॉथ ही होमुन्क्युलस, मेलेल्या आईला परत आणू पाहणाऱ्या नायकांच्या, म्हणजे एल्रिक भावांच्या, आईचा चेहरा घेऊन समोर उभी राहते, आणि थोरल्या एडला स्वतःच्याच पापाशी लढावं लागतं. ही कल्पना मला आजही विलक्षण वाटते.

2009 ची दुसरी मालिका ‘ब्रदरहूड’ मांगाला धरून आहे, हे बरोबर. पण तीही जशीच्या तशी नाही. सुरुवातीचा भाग तिनं भराभर उरकला. ह्यूज या लष्करी अधिकाऱ्याचा मृत्यू पहिल्या मालिकेत 25 व्या भागात येतो, इथे दहाव्यातच. भेटेल त्याला लेकीचे फोटो दाखवणाऱ्या त्या बापाशी तोवर आपली जेमतेम ओळख झालेली असते. मांगाचा शेवट हवा असेल तर ‘ब्रदरहूड’ बघा, पण ह्यूजसाठी मी पहिलीच मालिका सुचवेन.