गाडगेबाबांचे कीर्तन

संत गाडगे महाराजांनी (1876–1956) विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गावोगाव फिरून घडवलेली लोकप्रबोधनाची कीर्तनपद्धत. नारदीय कीर्तनातले पूर्वरंग-उत्तररंग, म्हणजे आधी तत्त्वाचे निरूपण आणि मग त्याला धरून आख्यान, इथे नाहीत, आणि वारकरी कीर्तनासारखे एकाच अभंगाचे पदर उलगडत जाणारे निरूपणही नाही. हातात खराटा, समोर जमलेला गाव आणि दोघांमध्ये रंगणारी प्रश्नोत्तरे एवढ्यावर हे कीर्तन उभे राही. महाराष्ट्रात बोलक्या शब्दाने समाज हलवण्याचे जे मोठे प्रयोग झाले, त्यांत याची जागा फार वरची आहे.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात, परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील दारूपायी लवकर गेले. डेबूजी वाढले ते आजोळी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात; तिथे गुरे राखली, शेतात राबले आणि सावकारी कर्ज घर कसे पोखरते तेही पाहिले. पहिल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण-दारू न देता त्यांनी गोड जेवण घातले, तेव्हा भाऊबंद चिडले होते. 1905 साली त्यांनी घर सोडले. पुढे कीर्तनात कर्ज, दारू, देवापुढे कापला जाणारा बकरा, सणवाराची उधळपट्टी हे विषय पुन्हा पुन्हा आले, ते कुठल्या पोथीतून नव्हे. ते त्यांच्या स्वतःच्या अंगणातून आले होते, आणि म्हणूनच समोर बसलेल्या कुळवाड्याला ते आपले वाटत.

कीर्तनाची तयारी सकाळीच सुरू होई. अंगात चिंध्यांचा झगा, एका कानात कवडी, दुसऱ्यात बांगडीची काच, डोक्यावर किंवा हातात मातीचे गाडगे अशा वेशात बाबा गावात शिरत आणि कुणाशी काही न बोलता रस्ता झाडायला लागत. गटार, पाणवठा, देवळाचा परिसर काही सुटत नसे. थोड्या वेळाने गावकरीही खराटे घेऊन येत. रात्री तोच झाडणारा माणूस कीर्तनाला उभा राही. त्याने दिवसा आपली घाण काढलेली असल्यामुळे रात्रीचे त्याचे बोलणे कितीही झोंबणारे असले, तरी लोक ते ऐकून घेत. या पद्धतीचे खरे बळ या क्रमात आहे असे वाटते. आधी काम, मग शब्द.

सुरुवात ‘गोपाला गोपाला, देवकीनंदन गोपाला’ या गजराने होई. भाषा अस्सल वऱ्हाडी. मग प्रश्न सुरू होत. देव किती, असे बाबा विचारत. सगळे एका आवाजात सांगत, एक. मग तुमच्या गावी खंडोबा आहे का? आहे. झाला एक. भैरोबा? तोही आहे. झाले दोन. मरीआई? तीन. असे मोजत मोजत श्रोत्यांचेच आधीचे उत्तर त्यांच्यापुढे येऊन उभे राही आणि सभा हसत हसत विचारात पडे. व्याख्यानात निष्कर्ष वक्ता सांगतो. इथे तो श्रोत्याच्या तोंडून येई, त्यामुळे घरी गेल्यावर तो झटकून टाकणे कठीण जाई. आधाराला ‘तीर्थी धोंडा पाणी। देव रोकडा सज्जनीं॥’ सारखी तुकोबांची ओळ असे.

शिक्षणाचा विषय आला की बाबांचा आवाज चढे. पैसे नसले तर जेवणाचे ताट विका, हातावर भाकर घेऊन खा, बायकोला हलक्या भावाचे लुगडे घ्या, पण पोराला शाळेत घातल्याशिवाय राहू नका, हे त्यांचे सांगणे अजूनही खेड्यापाड्यांत तोंडपाठ आहे. उदाहरण ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे देत: वडिलांना शाळेत घालण्याची बुद्धी झाली आणि मुलाने देशाची घटना लिहिली. स्वतः निरक्षर असलेल्या माणसाच्या तोंडी ही गोष्ट फार मोठी होई.

लोक देणग्या देत, पण त्यातला पैसा बाबांनी स्वतःसाठी वापरला नाही. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा उभ्या राहिल्या, मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी निवारा झाला, पूर्णा नदीवर ऋणमोचनला घाट बांधला गेला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. रयत शिक्षण संस्थेने 1954 मध्ये कराडला काढलेल्या महाविद्यालयाला त्यांचेच नाव दिले आहे. मात्र गादी, मठ, शिष्यपरंपरा यांतले काही त्यांनी मागे ठेवले नाही. मी कुणाचा गुरू नाही, माझा कुणी शिष्य नाही, असे ते बजावून सांगत. पाया पडायला येणाऱ्यावर काठी उगारत.

तरी वाट पुढे चालत राहिली. विदर्भातच राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरी भजनातून ग्रामोन्नतीचे काम केले, आणि पुढच्या पिढीत सत्यपाल महाराज सात खंजिऱ्या एकट्याने वाजवत व्यसन, हुंडा, बुवाबाजी यांवर तरुणांशी बोलत आले आहेत. समोरच्याला बोलते करण्याची ओढ तिथेही दिसते.

बाबांचे शेवटचे कीर्तन 8 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्याच्या आवारात झाले आणि ते ध्वनिमुद्रित झाले. 20 डिसेंबरला अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीपाशी त्यांचे निधन झाले. अभ्यासकाने हे कीर्तन लिखित स्वरूपात न वाचता कानांनी ऐकावे, कारण छापील पानावर फक्त बाबा उरतात. ध्वनिमुद्रणात मात्र दर प्रश्नामागून सगळा जमाव एका दमात उत्तर देतो, मधेच हसतो, आणि बाबा ते उत्तर उचलून लगेच पुढचा प्रश्न टाकतात.