वेदांतंगल: भाताला खत पुरवणारे पक्षी

चेन्नईपासून साधारण 80 किलोमीटरवर, चेंगलपट्टू जिल्ह्यात वेदांतंगल पक्षी अभयारण्याचा तलाव आहे. जेमतेम 30 हेक्टरचा. अशा तलावाला तिकडे 'एरी' म्हणतात. आपल्या भंडारा-गोंदियातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांसारखाच तोही भातासाठी, मातीची पाळ घालून पावसाचं पाणी अडवायला बांधलेला. या मुलखात शेकडो वर्षांपासून अशा एरींच्या साखळ्या आहेत. वरची भरली की तिच्या सांडव्याचं पाणी खालचीत उतरतं.

तिथे मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबरचा. त्यामुळे जायचं ते डिसेंबर-जानेवारीत. पाळीवरून पाहिलं की पाण्यात अर्धी बुडालेली निवराची झाडं दिसतात आणि त्यांवर चित्रबलाक, चमचे (चमच्यासारख्या चोचीचे पक्षी), पाणकावळे, रातबगळे यांची घरटी एकमेकांना खेटून असतात. झाडाभोवती पाणी असलं की मांजर-कोल्ह्याला घरट्यापर्यंत पोचणं अवघड जातं.

दुर्बीण मुग्धबलाक या करकोच्याच्या चोचीवर जरूर लावा. चोच मिटली तरी मधे फट उरते. या फटीत गोगलगाय धरून तो ती फोडत असेल, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो चोचीचं टोक शंखाच्या झाकणाखाली घालतो, आतला स्नायू तोडतो आणि मांस ओढून काढतो. शंख बहुधा अखंडच राहतो. पिल्लांच्या चोचीला ही फट नसते, ती वाढत्या वयात पडते.

झाडांची पानं विष्ठेने पांढरी झालेली असतात. हा पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल. ते पाण्यात पडलं की जिवाणू त्याचा अमोनिया करतात आणि पुढे काहीचं नायट्रेट. भाताला लागणारा नत्र तो हाच, मुख्यतः अमोनियाच्या रूपातला. माशांच्या हाडांतून स्फुरदही येतो. तलावाच्या मोरीतून सुटणारं पाणी असं खत घेऊनच शेतात जातं. हे गावकऱ्यांना रसायनशास्त्राशिवाय ठाऊक होतं. ब्रिटिश शिपाई इथे पक्षी मारू लागले तेव्हा गावकरी कलेक्टर लायोनेल प्लेस याच्याकडे गेले आणि 1798 मध्ये पक्ष्यांच्या रक्षणाचा कौल, म्हणजे सरकारी हमी, मिळवून आले. पक्षी बिथरू नयेत म्हणून दिवाळीत फटाके न वाजवण्याची रीत गावात आजही आहे. मला या तलावाची सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते.

मात्र एवढ्या हजारो पक्ष्यांचं पोट 30 हेक्टरांत भरत नाही. ते आसपासच्या एरी आणि भातखाचरांत चरतात, मग इथे परततात आणि तिकडचा नत्र-स्फुरद इथे आणून टाकतात. म्हणूनच 1998 साली अभयारण्याची हद्द तलावाभोवती 5 किलोमीटरपर्यंत ठरवली गेली. ती घटवण्याचा प्रस्ताव 2020 मध्ये आला, तेव्हा त्याला मोठा विरोध झाला आणि तो रास्तच होता. हद्दीबाहेर पडलेल्या एरीत कारखान्याचं सांडपाणी शिरलं, तर तिथलेच मासे खाऊन आई-बाप इथल्या पिल्लांना भरवणार.